किनाऱ्यावर उतरण्याबाबत

विषय: आगबोटीच्या सफरीत कोणत्या बंदरावर उतरून काय पाहावे याची निवड करणे, व त्यासाठी एकवीस दिवसांची रजा मिळणे.

संदर्भ: अर्जदाराची दरख्वास्त, महिना दै, सन १३४६ फसली.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, अर्जदार म्हणजे मीच. कचेरी सुटून बरीच वर्षं झाली, पण विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय माझा हात पुढं सरकत नाही. (बायको माहेरी असताना तिला पाठवलेल्या पत्रांवरही मी जावक नंबर घालत असे. तिनं ती नंबरवार लावून ठेवली आहेत. दोन गहाळ आहेत.)

निजामी अमदानीत मी नांदेडच्या एका कचेरीत कारकून होतो. कोणत्या, ते सांगत नाही. त्या वर्षी दिवाळीला आम्ही लातूरला, माझ्या सासुरवाडीस गेलो होतो. माझे मेहुणे दत्तोपंत तिथं वकिली करत आणि फराळाला बसले तरी उलटतपासणी सोडत नसत. त्यांनी मुंबईहून आलेलं एक छापील पत्रक माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मुंबईहून आगबोट निघणार, गोव्यापर्यंत जाणार, वाटेत चार बंदरांवर अर्धा-अर्धा दिवस थांबणार. प्रत्येक बंदरावर उतरून काय पाहायचं ते आधी निवडून कळवायचं.

"दाजी, येता का? माघात निघायचंय."

माझ्या तोंडात चकली होती. ती गिळून 'विचार करून सांगतो' म्हणायचं, एवढंच काम होतं. पण सौदामिनी, म्हणजे आमची मंडळी, माझ्या आधी बोलली.

"न यायला काय झालं? भर पुरात गोदावरी पोहून गेलेला माणूस आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "जाऊ की."

इथं एक खुलासा करणं आवश्यक आहे. मी गोदावरी पोहून गेलेलो नाही. मी गोदावरीत एकदाच गेलो, वयाच्या नवव्या वर्षी, घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून, गळ्यापर्यंत. आणि एका परटिणीनं शेंडीला धरून मला वर काढलं. तेव्हापासून पाणी घोट्याच्या वर आलं की मला माझं नाव आठवत नाही. (नाव हणमंत. ज्याच्यावरून ते ठेवलं त्यानं समुद्र एका उडीत ओलांडला. वडिलांनी नाव ठेवण्याआधी थोडी चौकशी करायला हवी होती.) लग्नानंतरच्या पहिल्या सणाला दत्तोपंतांनी आपण मांजरा नदी कशी पोहून पार केली ते सांगितलं, आणि सौदामिनी भावाकडे अशा कौतुकानं पाहू लागली की मला गोदावरी काढावीच लागली. पूर दुसऱ्या वर्षी आला. तिसऱ्या वर्षी त्या पुरात एक म्हैस वाहत आली, ती मी वाचवली. बारा वर्षांत प्रकरण बरंच वाढलं होतं.

पत्रक मी नांदेडला आणून चाळीस वेळा वाचलं. खुद्द आगबोटीचं मला एवढं भय वाटत नव्हतं. ती मोठी असते. मधोमध खांबाला धरून बसलं की कचेरीत बसल्यासारखंच. पण कलम सात असं होतं: 'बंदरात पाणी उथळ असल्याने बोट दूर उभी राहील. उतारूंनी दोरीच्या शिडीवरून मचव्यात उतरावे. लाट असल्यास मचवा वर आल्यावरच पाय टाकावा. कंपनी जबाबदार नाही.'

मचवा वर आल्यावर पाय टाकावा! म्हणजे तो खालीही जातो. खाली गेलेला असताना पाय टाकणाऱ्यांचं पुढं काय झालं, याबद्दल पत्रक गप्प होतं, आणि सरकारी कागदांत आयुष्य गेलेल्या माणसाला अशी गप्प जागा कशी दिसते ते मी सांगायला नको. कचेरीत दौत कलंडली तरी माझ्या तळव्यांना घाम फुटू लागला.

मी दोन बाजूंनी बंदोबस्त केला.

पहिला, रजेचा. अर्ज नामंजूर करून घेणं कठीण होतं, कारण आमचे सरिश्तेदार गुरुपादप्पा हे उदगीरकडचे, मनानं इतके भले की मागेल त्याला रजा देत. तेव्हा अर्ज त्यांच्यापर्यंत पोचू न देणं हाच मार्ग होता. आवक टपाल माझ्याच टेबलावर येई. मी माझ्याच अर्जावर शेरा मारला: 'अर्जदार पूर्वी कंधार येथे नोकरीस होता. तेथे त्याने किती रजा भोगली याची खात्री व्हावी.' आणि अर्ज कंधारला लावून दिला. कंधारचा कारकून माझ्या माहितीचा होता. आलेल्या कागदावर तो पानाचा डबा ठेवी आणि डबा वर्षानुवर्षं हलत नसे.

दुसरा बंदोबस्त निवडीचा. यदाकदाचित जावंच लागलं, तर पाणी कमीत कमी लागावं. प्रत्येक बंदरावर 'अ' आणि 'ब' अशा दोन सफरी होत्या. हर्णैला 'अ' म्हणजे दुसऱ्या होडीत बसून समुद्रातला सुवर्णदुर्ग. 'ब' म्हणजे किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव. मालवणला 'अ' म्हणजे पुन्हा होडी आणि सिंधुदुर्ग. 'ब' म्हणजे बाजारपेठ. मी चारही ठिकाणी 'ब' वर खूण केली, कारणं न देता, आणि नक्कल लातूरला पाठवली.

आठव्या दिवशी सासूबाई उमादेवी स्वतः मोटारीनं नांदेडला आल्या. सोबत दत्तोपंत. सासूबाईंनी घरात पाऊल टाकलं, पण पाणी घेतलं नाही.

"जावईबापू, खरं सांगा. कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कंधारला एकटे होतात, तेव्हापासून का?"

"अहो, पण काय?"

"आता माझ्या तोंडून त्याचं नाव वदवू नका."

दत्तोपंतांनी गळा साफ केला. "दाजी, समुद्रातला किल्ला सोडून माणूस मासळीच्या लिलावाला जातो. याची दोनच कारणं संभवतात. तो विकणारा असतो, नाहीतर घेणारा. तुम्ही विकत तर नाही?"

आमच्या सात पिढ्यांत कुणी मासळी चित्रातसुद्धा नीट पाहिलेली नाही. सौदामिनी दारात उभी होती. 'मला पाण्याची भीती वाटते' हे चार शब्द उच्चारले असते तर माझी आणि मासळीची दोघांचीही सुटका झाली असती. पण तिच्या समोर ती म्हैस बारा वर्षं उभी होती.

"मला लिलावाच्या पद्धतीचा अभ्यास करायचा होता," मी म्हणालो.

"अभ्यास!" सासूबाई म्हणाल्या. "ऐकलंस का गं सौदा? आता अभ्यास म्हणतात त्याला."

मी तिथल्या तिथं चारही 'ब' खोडून 'अ' केले, खाडाखोडीवर सही केली, आणि मग सासूबाईंनी पाणी घेतलं. ते घोटाघोटानं जाताना पाहूनही मला कसंतरी झालं.

पुढच्या आठवड्यात सौदामिनीनं आणखी एक टोक गाठलं. तिनं माळ्याच्या तुळईला दोरीची शिडी बांधली आणि खाली झोपाळ्याची बंगई आणून टांगली.

"ही शिडी. बंगई म्हणजे मचवा. सवय केलेली बरी," ती म्हणाली आणि बंगईला झोका देऊन पाच वेळा अशी उतरली की शेजारच्या पार्वतम्मा, ज्या देगलूरकडच्या होत्या आणि साखर मागायला आल्या होत्या, साखर विसरून जोत्यावर बसल्या.

"आता तुम्ही."

मी माळ्यावर चढलो आणि शिडीवरून चार पायऱ्या उतरून थांबलो. खाली बंगई येत होती आणि जात होती. फरशी कोरडी ठणठणीत होती, तरी मला तिच्यात मासे दिसू लागले.

"टाका की पाय!"

"गाठी तपासतोय."

"खालून तपासल्यात मी."

"वरूनही तपासाव्या लागतात."

एवढ्यात पार्वतम्मांनी मदत म्हणून बंगईला आणखी एक झोका दिला. मी डोळे मिटून पाय टाकला. बंगई तेव्हा दुसरीकडे होती. मी पडलो तो कोपऱ्यात, अंघोळीसाठी भरून ठेवलेल्या घंगाळात, बसत्या आसनानं, आणि पाणी कमरेला लागताच माझ्या तोंडून "वाचवा! वाचवा!" अशा आरोळ्या निघाल्या, त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या.

"अय्यो, घंगाळातच हैत की!" पार्वतम्मा म्हणाल्या.

सौदामिनी हसली नाही. तिनं एका हातानं मला वर काढलं, पंचा दिला आणि विचारलं, "म्हैस जड होती का हो?"

दुसऱ्या दिवशी तिनं निवडीचे कागद माझ्याकडून मागून घेतले. "तुमच्या खाडाखोडीनं घाण झालेत. मी नवे भरून पाठवते," म्हणाली. मी दिले. माझा सगळा भरवसा आता कंधारच्या पानाच्या डब्यावर होता.

निघायला आठ दिवस उरले तेव्हा गुरुपादप्पांनी बोलावलं.

"काय हो, तुमचा रजेचा अर्ज माझ्याकडं न्हाई आला अजून. तुमची मंडळी येऊन आमच्या घरी मल्लम्माला सांगून गेली. आना, आत्ता सही करतो."

"तो खात्रीसाठी कंधारला गेलाय, साहेब."

"कोन पाठिवला?"

"आवकेच्या टेबलानं."

"आवकेचं टेबल म्हंजे तुम्हीच न्हव?"

"हो. पण टेबल म्हणून."

गुरुपादप्पांनी चष्मा काढून पुसला. "बरं, मग दुसरा लिवा."

"एका विषयाचे दोन अर्ज घेऊ नयेत असा हुकूम आहे, साहेब. आपल्याच सहीचा."

"तो तुम्हीच लिवून आनला व्हता माझ्याम्होरं."

"हो."

"लई हुशार मानूस हाव तुम्ही," ते म्हणाले. कौतुकानं म्हणाले असं मला त्या वेळी वाटलं.

घरी मी शक्य तितका दुःखी चेहरा करून बातमी सांगितली. ती कणीक मळत होती. "मग मी दादाबरोबर जाते," ती म्हणाली. "तुमच्या जागी आई येईल." इतक्या सोप्या निकालाची मी तयारी केलेली नव्हती. पण भीती उतरली. दिवाळीनंतर प्रथमच मी पोटभर जेवलो.

दत्तोपंत तिला न्यायला आले. मोटार सुटायच्या आधी ते सामान बांधत असताना सौदामिनीनं मला बाजूला घेतलं.

"हौदावर फळी टाकून ठेवलीय. पाणी तांब्यानं घ्या, वाकून नका घेऊ."

"म्हणजे?"

"तुमच्या आईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. परटिणीचं नावसुद्धा."

मी म्हणालो, "मग बारा वर्षं बोलली का नाहीस?"

"म्हटलं, कधीतरी तुम्हीच सांगाल. शिवाय म्हशीचं पुढं काय होतंय ते ऐकायचं होतं."

तिनं माझ्या हातात एक घडी दिली. निवडीच्या कागदाची तिनं ठेवलेली नक्कल होती, आणि मागं ते पत्रक. मी पत्रक चाळीस वेळा वाचलं होतं, पण पुढच्या बाजूनं. (सरकारी कागदाच्या मागच्या बाजूस काही नसतं.) मागं लिहिलं होतं: 'ज्या उतारूंना किनाऱ्यावर उतरावयाचे नसेल त्यांनी (क) वर खूण करावी. त्यांस बोटीवर खुर्ची व चहा मिळेल.' माझ्या नावापुढं चारही बंदरांना 'क' होता, तिच्या अक्षरात. तिच्या नावापुढं मालवणला 'अ', विजयदुर्गला 'अ', रत्नागिरीला 'अ'. हर्णैला 'क'.

"पहिल्या बंदरावर तुमच्याजवळ बसणार होते," ती म्हणाली. "मग तुमची भीड चेपली असती." आणि मोटारीत चढली.

मी तसाच, पायात एकच वहाण नीट असताना, कचेरीत धावलो. गुरुपादप्पांना म्हणालो, साहेब, मला रजा पाहिजे, आज पाहिजे. ते म्हणाले, "हुकूम हाय ना. अर्ज येऊ द्या."

मी पहिल्या मोटारीनं कंधारला गेलो. पानाचा डबा जागेवर नव्हता. माझ्या माहितीच्या कारकुनाची बदली होऊन त्या जागी एक अत्यंत कामसू माणूस आला होता. त्यानं जुनी दप्तरं पाहून शोधलं होतं की अर्जदार मध्ये तीन महिने उमरीला होता. सबब अर्ज खात्रीसाठी उमरीला. उमरीचा माणूसही कामसू निघाला. त्याला आढळलं की अर्जदार एकदा चार दिवस इस्लापूरला बंदोबस्तावर होता, सबब इस्लापूर. मी जिथं जिथं पोचलो तिथून अर्ज आदल्याच दिवशी पुढं निघालेला होता. आगबोट मुंबईहून सुटली तेव्हा मी इस्लापूरच्या चावडीत बसून होतो.

सौदामिनीची कार्डं येत गेली. हर्णैचं असं: 'आईनं मासळीचा लिलाव पाहिला. नाकाला पदर लावला होता, पण शेवटपर्यंत उठली नाही. दादाला भाव विचारायला लावला.' मालवणचं असं: 'मचवा वर आल्यावरच पाय टाकला. किल्ला फार छान. तुमच्या नावाची खुर्ची बोटीवर रिकामी ठेवलेली आहे. चहा येतो, तो दादा पितो.'

त्यानंतर निजामी गेली, फसली सन गेला, दै महिना गेला. मी पेन्शनीत निघालो. सौदामिनी समुद्रावर आणखी तीनदा जाऊन आली. दर वेळी मला विचारते, आणि मी सांगतो की माझा पहिला अर्ज निकाली निघाल्याशिवाय दुसरा करता येत नाही. ती म्हैस मात्र मी पुराला परत केली आहे.

गेल्या महिन्यात पाठवलेल्या स्मरणपत्रास आलेलं उत्तर सोबत जोडलं आहे. त्याचा गोषवारा: अर्जदाराने इस्लापूर येथील चार दिवसांत रजा भोगली किंवा कसे, याची खात्री चालू आहे. अर्ज प्रलंबित आहे.