गरम इंजिनाची पाहणी

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि आजची कथा जागेपणी ऐकायची आहे.

उघड्या बॉनेटपुढे प्रत्येक पुरुष ज्ञानी होतो, हे सत्य निर्विवाद आहे. तो हात मागे बांधतो, किंचित वाकतो आणि "हं" म्हणतो. या "हं"चा अर्थ आजवर कोणी विचारलेला नाही. (विचारू नये, असा संकेत आहे.)

एका निवृत्त मास्तरांना जुनी गाडी घ्यायची होती. मास्तरीणबाईंना आठवड्यातून दोनदा, सकाळी सातच्या ठोक्याला, डायलिसिससाठी इस्पितळात पोचायचं असे आणि बसची पायरी आता त्यांना चढवत नव्हती. बाईंचं एकच म्हणणं, "अहो, सकाळी सुरू होईल ना, तेवढं बघा."

मुद्दा किरकोळ असल्याने तो पाहणी समितीपुढे ठेवण्यात आला नाही. समितीत मेहुणे (गाडी नाही, मतं आहेत), शेजारचे हेडक्लार्क आणि नाइलाजाने एक मेकॅनिक. पाहणी एक्केचाळीस मिनिटं चालली. पैकी चहाला बावीस, रंगाला अकरा, सीटच्या कव्हरांना पाच, उरलेली इंजिनाला.

मेहुण्यांनी टायरला लाथ मारली. टायरने हरकत घेतली नाही, तशी नोंद झाली. हेडक्लार्कांनी ऑइलची पट्टी उपसून रुमालाला पुसली आणि "ऑइल आहे" असा निष्कर्ष काढला. गाडीच्या मालकांनी किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन सुरू! सगळे "हं" म्हणाले.

मेकॅनिकने तेवढा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, इंजिनावर तळवा ठेवला. "आत्ता तर चालू केलं. इतकं गरम कसं?"

"तुम्ही येणार म्हणून आधीच तापवून ठेवलं हो!" मालक म्हणाले.

या आतिथ्याने समिती गहिवरली.

"मास्तर, गरम इंजिन कुणाच्याही हातून सुरू होतं," मेकॅनिक म्हणाला. "तीन-चार तास गार होऊ द्या, मग बघू."

"चार तास? लोकांच्या दारात?" मेहुणे कुजबुजले. "अरे, चहा प्यालोय त्यांचा!"

बाईंचं म्हणणं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. पण मालक रिकाम्या कपबशा गोळा करत इतकं गोड हसत होते, की त्यांनी ते गिळलं. अहवालात मेकॅनिकच्या नावापुढे "स्वभाव संशयी" असा शेरा पडला आणि गाडी दारात आली.

मंगळवारी सकाळी सहाला बाई फाइल आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, पट्टा लावून बसल्या. मास्तरांनी किल्ली फिरवली. खर्र... खर्र... आणि सामसूम. अकरा वेळा.

समिती तातडीने जमली. बॉनेट उघडलं. हात मागे गेले. "हं."

"अहो, साडेसहा झाले," आतून बाई म्हणाल्या. (ही सूचना विषयपत्रिकेबाहेरची ठरली.)

मास्तरांनी मान खाली घालून मेकॅनिकला फोन केला. तो आला. बॉनेटकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. बाईंना दोन्ही हातांनी अलगद उचलून त्याने आपल्या खटारा टेम्पोत बसवलं. "चला काकू. रात्रभर उघड्यावर होता, पण सुरू होतो."

टेम्पो गेला. समितीचं काम मात्र नेटाने चालू राहिलं.

हसलात ना? हसा. चहाखातर तुम्ही आजवर किती प्रश्न गिळलेत, ते इथे चारचौघांत विचारत नाही. एवढंच मागणं आहे: पुढच्या खेपेला कुठल्याही उघड्या बॉनेटपुढे तुमचे हात मागे जातील, तेव्हा आत पट्टा लावून बसलेल्या त्या माउलीची आठवण ठेवा.