दहापैकी चार

लाल पेन हातात आलं की माझी चूक होत नाही. जन्मभर चौथीच्या वह्या तपासल्या आहेत मी. आमचं निम्मं टोलेडो शहर माझ्या हाताखालून पास झालंय!

म्हणून पोटमाळ्यावर, आईच्या लोणच्याच्या बरण्यांमागे बुटांचा खोका सापडला तरी मी गडबडले नाही. आत माझ्या धाकट्या भावाची, डेलबर्टची, लहानपणी जमवलेली बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रकार्डं! दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाची टर्की कापताना हा सुरी रोखून म्हणतो, “आईनं माझी कार्डं फेकली नसती, तर आज माझी बोट असती!” बिचारी आई थडग्यात दचकत असेल. आता मी गुपचूप कार्डं विकून बोटच याच्या दारात उभी करणार होते. आईवरचा आळ कायमचा जाणार!

कार्डांचं दुकान माझ्याच विद्यार्थ्याचं, स्टॅनचं. त्याला फोन केला.

“काय रे, भाव काय चाललाय?”

“बाई, करोनाच्या साथीत नुसता भडका उडाला, मग नवी कार्डं धाडकन आपटली. जुनी मात्र चढताहेत! सगळ्यांच्याच आयांनी फेकली ना! पण आधी गुण मिळायला हवेत हं. दहापैकी. गुणांवर भाव.”

“एवढंच ना!”

“तपासणी कडक लागते, बाई.”

हे मला सांगतो!

कॉफी घेऊन बसले. गुण द्यायचे कशाला? तर प्रत्येक कार्डावर खेळाडूची सही छापलेली. अक्षराला! एकाची सही छान वळणदार, आठ दिले. डेलबर्टच्या लाडक्या फटकेबाजाची मात्र शाईत पाय बुडवून कोंबडी पळावी तशी. चार! कार्डावरच, लाल पेनानं. भोवती गोल, खाली शेरा: ‘अक्षर सुधारा.’

दुकानात स्टॅननं खोका उघडला आणि ओरडलाच.

“बाई! गुण कार्डं तपासणारी कंपनी देते हो! कोपरे तपासून, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून!”

“मग तसं सांगायचंस! चौथीतही उत्तरं अर्धवटच लिहायचास!”

“हे कार्ड बोटीच्या भावानं गेलं असतं...”

“आणि आता?”

त्यानं ते दिव्याखाली धरलं. “आता... वल्ह्याच्या.”

खोका डेलबर्टला नेऊन दिला. त्यानं झाकणावरून हात फिरवला.

“म्हणजे आईनं फेकली नव्हती?”

“जपून ठेवली होती रे.”

“आणि मी वेडा, इतकी वर्षं तिला...” त्यानं डोळे पुसले, चष्मा चढवला आणि नेमकं तेच कार्ड उचललं. “ताई, हे कुणी केलं?”

यंदा थँक्सगिव्हिंगला त्याच्या भिंतीवर त्याच कार्डाच्या पैशांतून घेतलेलं नवंकोरं वल्हं टांगलेलं होतं. डेलबर्टनं सुरी उचलली आणि माझ्यावर रोखली. “ताईनं गुण दिले नसते, तर याच्यासोबत बोटही असती!”

आई सुटली एकदाची! मी आपली खाली मान घालून क्रॅनबेरीची चटणी वाढून घेतली.

पण तुम्हाला म्हणून सांगते, ती सही बघायला हवी होती तुम्ही. चार मी सढळ हातानंच दिले होते!