जावयासाठी वारा

भातकुलीच्या मनकर्णाबाईंच्या घरून जावई कधी तोंड वाकडं करून गेला नव्हता, अन् जाणारही नव्हता! यंदा धोंड्याचा महिना नेमका उन्हाळ्यात. ऊन असं, की सावलीलाही घाम फुटावा. अकोल्याचे जावई भगवंतराव धोंडे खायला दारात उभे राहिले, अन् कूलर बंद पडला!

"गेली न व माय माही इज्जत!" म्हणता म्हणता बाईंची नजर मधल्या खोलीत गेली. नात प्रियदर्शनी इंजिनिअरिंगला. जागच्या जागी वर उठणाऱ्या विमानाचा पंखा वाऱ्यात कसा टिकतो, ते पाहायला तिनं लाकडी बोगदा मांडला होता. एक तोंड रुंद, दुसरं खिडकीबाहेर, तिथं वाऱ्यासाठी मोठा पंखा, मधात तपासायचा तो छोटा पंखा. पोरगी वायर आणायला अमरावतीला गेलेली.

"कूलरच त होय हा! फक्त पाण्याची अक्कल नाही त्याले."

बाईंनी कूलरची ओली खस काढून रुंद तोंडाला बांधली. ती अर्ध्या तोंडालाच पुरली. समोर जावयाला बसवलं, खांद्यावर नवाकोरा शेला घातला अन् बटण दाबलं.

"कसं वाटते, जावईबापू?"

"आवाज जबरदस्त हाय, मामी. वारा नाही येऊन राहिला."

"नवा हाय, लाजून राहिला! सरका जवळ."

भगवंतराव सरकले. बाईंनी बटण पार पिळलं. शेला सळकन उठला अन् बोगद्यात घुसला!

"मामी, हा त मलेच गिळून राहिला!"

"शेला सोडू नका, पैठणहून आणला!"

बाईंनी जावयाची कंबर धरली. फर्रर्र! अर्धा शेला हातात, अर्धा आत. तेवढ्यात प्रियदर्शनी धावत आली अन् बटण बंद केलं.

"आजी! हा वारा फेकत नाही, ओढते! माह्या पंख्याचं पातं मोडलं असतं त?"

"मंग एवढा गार वारा गेला कुठी?"

तिघांनी खिडकीतून वाकून पाहिलं. गोठ्यात म्हैस मान लांबवून, डोळे मिटून, महाराणीसारखी रवंथ करत होती.

भगवंतराव तडक बाहेर गेले. खाट उचलली, गोठ्यात टाकली अन् म्हणाले, "प्रियू, चालू कर."

प्रियदर्शनीची तपासणी अन् जावयाची झोप, दोन्ही दिवेलागणीपर्यंत बिनबोभाट चालल्या. भगवंतराव हसतमुखानं अकोल्याला गेले. बाईंची छाती गजभर फुगली.

दुसऱ्या दिवशी लेकीचा, साधनाचा, फोन आला. "आई, तू आमच्या ह्यायले काय खाऊ घातलं व? आल्यापासून एकच लावून धरलं. म्हणते, कूलर विकू अन् म्हैस घेऊ!"