आमच्या कॅरॅव्हॅनचे टिकाऊ टायर

टायरमधलं मला कळतं. हे मी नम्रपणे सांगतोय, कारण आमच्या ऑफिसात दुसऱ्या कोणालाच कळत नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही सुट्ट्यांसाठी एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली, म्हणजे गाडीमागे ओढायची दोन चाकांची खोली. तिला मी परदेशी टायर बसवले, तेही निम्म्या किमतीत! चाकांना दोन आणि वर एक स्पेअर.

बायकोने टायरवरचं नाव वाचायचा प्रयत्न केला. दोनदा जीभ अडखळल्यावर ती म्हणाली, "यांतला एक जरी फुटला ना, तर ही कॅरॅव्हॅन विकायची."

"कबूल," मी म्हणालो.

म्हणालो खरा, पण त्या डब्यावर माझा फार जीव आहे. तिथे बॉसचा फोन लागत नाही.

पण टायर कसले, लोखंडच निघाले! घाट झाले, खड्डे झाले, टायर ढिम्म. दर रविवारी मी त्यांना पॉलिश करायचो आणि शेजाऱ्यांना हाक मारून दाखवायचो. बायको तेवढ्यात आत निघून जायची. मला वाटलं, हरली बिचारी.

परवा तलावाकडे निघालो आणि वाटेत डाव्या चाकात खिळा घुसला.

"पंक्चर म्हणजे फुटणं नव्हे," मी घाईघाईने सांगितलं.

"छे, नव्हेच," बायको म्हणाली. माझं म्हणणं तिला इतक्या पटकन कधीच पटत नाही, त्यामुळे मी जरा गोंधळलो.

"स्पेअर कुठला आहे?" तिने विचारलं.

"त्याच तिघांतला. कोरा करकरीत. आजवर खाली उतरलेला नाही."

तिचा चेहरा उतरला. स्पेअर चढवून निघालो, तेव्हा "हळू चालवा हं," म्हणत तिने दाराची कडी घट्ट धरली.

दुसऱ्याच वळणावर मागे धाडकन आवाज झाला. उतरून पाहिलं, तर स्पेअरच्या चिंध्या झालेल्या.

मला काही सुधरेना. तीन वर्षं मरमर राबलेले दोघे ठणठणीत आणि नुसता झोपून राहिलेला गेला? शिवाय अटीचं काय? आता डबा विकायचा? बायको मान वळवून शेतं बघत होती.

कॅरॅव्हॅन कडेला सोडली, पंक्चर झालेलं आणि फुटलेलं अशी दोन्ही चाकं गाडीच्या डिकीत घातली आणि टायरवाल्याकडे गेलो. त्याने दुकानाच्या दारातच पंक्चर काढलं.

"हा झकास आहे साहेब. तो दुसरा मात्र पडून पडून वाळलेला."

"दोन्ही एकच आहेत. एकाच दिवशी घेतलेत."

त्याने फडकं मारून दोन्हींवरची नावं दाखवली. एक नाव मला सहज वाचता आलं आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

"माझा परदेशी टायर आत दडवून हा माझ्या गळ्यात मारताय होय!"

टायरवाल्याने पाना खाली ठेवला. "साहेब, चांगला टायर देऊन वाईट टायर चोरणारा माणूस कधी बघितलाय?"

त्याचं खरं होतं, पण आवाज चढलेला होता, तो उतरेना. चार लोक जमले. नेमकं काय चोरीला गेलं, असं एकाने विचारलं. समजावून सांगता सांगता मलाच समजेनासं झालं.

"अहो, पुरे," बायको हळूच म्हणाली. "टायर मी बदललेत. पहिल्याच वर्षी, तुम्ही ट्रेनिंगला गेला होतात तेव्हा. स्पेअर तेवढा राहून गेला."

"म्हणजे दर रविवारी मी शेजाऱ्यांना जे..."

"हो."

"पण तुला तर कॅरॅव्हॅन विकायची होती ना?"

"मला कशाला विकायचीय? तुम्ही घाबरून चांगले टायर घ्याल म्हणून तसं म्हणाले. तुम्ही घाबरलाच नाहीत, मग मलाच घाबरावं लागलं."

लाज वाटली, पण त्याहून आनंद जास्त झाला. डबा वाचला होता! "चल, आता एक मस्त स्पेअर निवडतो," म्हणत मी दुकानात पाऊल टाकलं.

"तुम्ही बाहेरच बसा," बायको आणि टायरवाला एकदम म्हणाले.