डॉक्टर गवंडी

योगेंद्र बोरसेला विद्यापीठाच्या हिशेब शाखेत बोलावून घेतलं आणि सांगितलं, की आजपासून तो बिगारी आहे.

योगेंद्र उधन्याच्या यंत्रमागांवर संशोधन करत होता. मागांच्या खडखडाटाने कामगारांचे कान कसे जातात, हा त्याचा विषय. त्याचे वडील अशाच एका मागावर बहिरे झालेले, त्यामुळे तो जीव ओतून काम करी. पैसा एका सरकारी खात्याचा होता आणि खात्याची अट अशी, की कंत्राटावरच्या प्रत्येकाला मजुरीच्या ठरलेल्या सरकारी दरानेच पैसे द्यायचे. दरपत्रकात सुतार होता, रंगारी होता, अगदी विहीर खोदणाराही होता. संशोधक मात्र कुठेच नव्हता. आणि ज्याचं काम पत्रकात नाही, तो बिगारी.

"अहो, मी पीएच.डी. आहे," योगेंद्र म्हणाला.

"भाव सरकारचा छे साहेब, माझा नाय," हिशेबनीस धनसुखभाई आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. माणूस मात्र भला. गवंड्याला बिगाऱ्यापेक्षा बरा दर मिळतो, तर त्याला गवंडी दाखवतो, असं त्यांनी आपण होऊन सुचवलं.

योगेंद्र तडक विभागप्रमुख शालिग्राम सरांकडे गेला. सरांनी चहा पीत सगळं ऐकलं, श्रमाला प्रतिष्ठा असते म्हणाले आणि त्याला वाटेला लावलं. नवागामला घरी गेला, तर बायको रुपाली म्हणाली, "मंग मी आईला काय सांगू? जावई भिंती बांधतो म्हणून?"

पण कामगारांच्या कानांची तपासणी अर्ध्यावर आली होती. संताप गिळून योगेंद्र गवंडी झाला.

मग पुढचं सगळं ओघाने आलंच. रोज सकाळी हजेरीला अंगठा. ग्रंथालयातसुद्धा डोक्यावर हेल्मेट. परांचीवरून पडू नये म्हणून काय करावं, याचं प्रशिक्षणही त्याला दात-ओठ खात पुरं करावं लागलं. शेवटी अहवाल तयार झाला, तर तो तपासायला खात्याने पाठवला बांधकामाचा इंजिनियर. त्याने खिशातून टेप काढून अहवालाची जाडी मोजली.

"वाचणार नाही का तुम्ही?" योगेंद्रचा आवाज चढला. "माणसांचे कान आहेत यात."

"भिंत वाचतं का कोणी?" इंजिनियर शांतपणे म्हणाला. त्याने अहवालावर मूठ आपटून बघितली, आतून पोकळ नाही अशी खात्री केली आणि शेरा मारला : काम भक्कम आहे. वरचा मजलाही यांच्याकडूनच करून घ्यावा.

वरचा मजला म्हणजे संशोधनाचा पुढचा टप्पा, आणि तो आता मंजूर झाल्यातच जमा आहे, असं धनसुखभाईंनी समजावलं. तरी योगेंद्र धुमसतच बाहेर पडला.

दाराशी शालिग्राम सर घुटमळत होते. त्यांचा स्वतःचा प्रकल्प त्याच खात्याने नुकताच परत पाठवला होता. इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "योगेंद्र, वरच्या मजल्याला सुतार लागेल ना रे?"

योगेंद्रने हेल्मेट जरा मागे सारलं आणि सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"उद्या सकाळी नाक्यावर येऊन उभे राहा, सर," तो म्हणाला. "बघतो."