घोळीच्या रसाचा गुण

माणसाला आजार दोन कारणांनी होतात: विषाणूमुळे आणि निवृत्तीमुळे. माकणीचे वसंतराव सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्यांना दुसरा जडला.

एका सकाळी त्यांच्या फोनवर बातमी आली, की बांधावरच्या घोळीच्या भाजीच्या रसानं प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत विषाणू मेले. त्यांनी ती लगेच एकवीस ग्रुपांवर पाठवली (ताटली तेवढी वगळून).

दुसऱ्या दिवसापासून पारावर रसवाटप सुरू झालं. आठवड्याअखेर वसंतरावांच्या वहीत नोंद झाली: रस पिणारे एकशे बेचाळीस, पैकी जिवंत एकशे बेचाळीस. (जुलाब लागलेले एकोणीस जण 'विषाणू बाहेर पडत आहेत' या रकान्यात.)

शेजारच्या नीलम्मानं शंका काढली. "काका, मी ल्हानपणापासनं घोळ खाते. डाळ घालून लई झ्याक लागती. पर दरसाली तापते बी."

"भाजी म्हणून खाता, म्हणून. औषध म्हणून खायला पाहिजे."

नीलम्मानं रसाचा पेला तोंडाला लावला. शास्त्रापुढं दुसरं करणार काय?

मग वसंतरावांच्या पत्नी, लीलाबाई, तापानं फणफणल्या. तीन दिवस त्रिकाळ रस झाला. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. वसंतरावांनी लिहिलं: 'रक्तशुद्धीस प्रारंभ.'

"अहो, ती वही ठेवा अन् दवाखान्यात जायला जीप बघा," लीलाबाई म्हणाल्या.

"आणखी एक दिवस. नोंद अपुरी राहील."

लीलाबाई नीलम्माच्या खांद्यावर हात टाकून स्वतःच उमरग्याच्या जीपमध्ये बसल्या. वसंतराव रसाची बाटली घेऊन मागं धावले.

"डेंग्यू आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्यावर ढकललं असतं, तर..." बाहेर जाऊन वसंतरावांनी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली आणि तिथंच नळ धरून बराच वेळ उभे राहिले. लीलाबाई काही काचेच्या ताटलीत राहत नव्हत्या.

सहाव्या दिवशी लीलाबाई घरी आल्या. दारात अर्धं गाव जमलं होतं. वसंतरावांनी आयुष्यात प्रथमच विनाटिप्पणी निवेदन केलं: "रसाचा काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी वाचवली."

"तीन दिस रस पोटात होता, म्हणून डॉक्टरला येळ मिळाला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना ते पटलं. संध्याकाळपर्यंत माकणीच्या एकाही बांधावर घोळीचं पान उरलं नाही.

खेड्यातली भोळी माणसं, दुसरं काय! आपण सुशिक्षित आहात. आपल्याला गोष्टीतलं तात्पर्य केव्हाच कळलंय. आपलं एवढंच विचारायचं राहिलंय, की रस उपाशीपोटी घ्यायचा की जेवणानंतर?