डॉक्टरांनी जीभ आईची बघितली

आठवड्यातला तिसरा शर्ट थंड पाण्यात बुडवताना मुंगीच्या आईने दात आवळले. घरची लाँड्री होती. कॉफी, शाई, गंज, कुठलाही डाग ती लांबूनच ओळखायची. पण पोटच्या पोरीच्या कॉलरवरचं रक्त सारखं काढायचं म्हणजे अति झालं.

"कोणी मारलं?"

"कोणी नाही. आपोआप आलं," आठ वर्षांची मुंगी म्हणाली.

"आपोआप नळसुद्धा गळत नाही."

नवरा पलीकडे इस्त्री करत होता. "उन्हाने येत असेल," तो म्हणाला.

"तुमच्या नाकातून आलं का कधी उन्हाने?"

बायको तापली की आपण इस्त्रीकडे बघावं, एवढं तो लग्नानंतरच्या दहा वर्षांत शिकला होता.

ती ओल्या हातांनीच शाळेत गेली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अहो, कोणी हात लावत नाही तिला. लिहिता लिहिता येतं."

"म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत मारतात." तिचा आवाज तीन वर्गांत ऐकू गेला. "तुमच्या बँडचे तीस पांढरे कोट माझ्याकडे धुवायला आहेत. ज्याने मारलं त्याला माझ्यासमोर उभा करा, मग कोट न्या."

दुसऱ्या दिवशी बँडचा कार्यक्रम होता. म्हणून त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिका स्वतः दुकानात आल्या.

"मुलांनी काय बनियनवर ढोल वाजवायचे?"

"वाजवू देत. मुंगे, ये इकडे. बाईंना सांग कोण मारतं ते."

मुंगी काउंटरपाशी येऊन उभी राहिली. तिने काही बोलायच्या आत टप्पकन एक थेंब पडला, तोही सर्वांत वरच्या कोटावर. मग दुसरा पडला. तिला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मुख्याध्यापिका त्या कोटाकडे बघत राहिल्या. "आता हिला कोणी मारलं ते तुम्हीच सांगा. मी त्याला उभा करते."

आईने मुकाट्याने एकोणतीस कोट दिले आणि तिसावा पाण्यात टाकला. पण एवढा राग काही पाण्यात टाकता येत नाही. बटणं शिवत बसलेल्या सासूबाई समोर होत्या.

"तुमच्याच घराण्यातलं आहे हे काहीतरी. तुमचे भाऊ काय कमी आजारी असायचे?"

सासूबाईंनी दाताने दोरा तोडला. "माझ्या भावाला मूळव्याध होती. ती नाकातून येत नाही."

सकाळी चौघंही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर मुंगीच्या नाकात बॅटरी धरून बघत होते आणि आई बोलत होती. शाळा, ऊन, नवरा, नवऱ्याचं घराणं, तिने कोणालाच सोडलं नाही. मध्येच डॉक्टरांनी मान वर केली आणि ते आईच्याच तोंडाकडे बघू लागले. ती थांबली.

"बोला, बोला. थांबू नका."

असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ती आणखी दोन मिनिटं बोलली.

"आता जीभ बाहेर काढा."

"दुखणं पोरीला आहे."

"बघायची जीभ तुमची आहे."

जिभेच्या टोकावर लाल ठिपके होते. ओठावरही दोन होते. डॉक्टरांनी ओठावर काचेची पट्टी दाबली तर ठिपके गायब झाले, उचलली तर परत आले.

"या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत," ते म्हणाले. "मुलीच्या नाकात तशाच दिसतात. भिंत पातळ असते, नाक कोरडं पडलं तरी फुटते. आजार क्वचित दिसतो, पण आईकडून किंवा वडिलांकडून येतो. तुमचं नाक वाचलं, तिचं नाही. दोघींच्या तपासण्या करू. फुप्फुसंही एकदा बघून घेऊ. घाबरायचं नाही, पण टाळायचंही नाही. रक्त आलं की मान पुढे करून नाकपुड्या दहा मिनिटं चिमटीत धरायच्या. तुमच्या माहेरी कोणाला आहे का हे?"

"आमच्याकडे असलं काही नाही," ती म्हणाली. नवऱ्याने जमिनीकडे बघितलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते तिला जास्त लागलं.

बाहेरच्या बाकावर बसून तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, तुमच्या नाकातून रक्त येतं का?"

"हळू बोल," वडील कुजबुजले. "येतं. चाळीस वर्षं झाली. मी गडद लाल रुमाल वापरतो आणि माझा मीच धुतो."

"आणि आम्हाला सांगितलं नाही?"

"तुझी आई चिडली असती. मग तू चिडली असतीस."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शेजारी मुंगी शिकवल्याप्रमाणे मान पुढे करून, नाक चिमटीत धरून सराव करत होती आणि डोळे वर करून आईकडे बघत होती. आईने तोंड मिटलं.

"बाबा, सोमवारी इथे दवाखान्यात या. तुमची जीभ बघायची आहे डॉक्टरांना."

"येईन. पण तुझ्या आईला काय सांगू? तिच्यापुढे तोंड उघडायची मला सवय नाही."

"द्या तिच्याकडे फोन," ती म्हणाली. "मी सांगते. हळूच सांगते."